वाकडा दिसणारा गांधार

काकूंच्या अभंगाच्या रेकॉर्डिंगचा शेवटचा टेक झाला. त्या काचेपलीकडच्या खोलीतून बाहेर आल्या, थर्मासमधलं कोमट पाणी प्यायल्या आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मी नेमका तेव्हाच पिच-एडिटर, म्हणजे गायलेले सूर चित्रात दाखवणारं आणि हलवू देणारं पान, उघडला होता, तोही एका ओळीच्या शेवटचा श्वास कुठे सुटतोय ते बघायला. पडद्यावर त्यांचा आवाज नारिंगी गोळ्यांत मांडलेला, प्रत्येक गोळ्यातून गेलेली एक बारीक रेघ. अजून मी काही वाजवलंही नव्हतं. काकूंनी चष्मा वर सरकवला, एका रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, हे बघ, इथे किती वाकडं गेलंय. सरळ कर ना जरा." बोट होतं कोमल गांधारावर. चाल दरबारी रागाच्या अंगाची होती, आणि त्या गांधाराचं आंदोलन, म्हणजे सूर एका जागी न थांबवता संथ डोलवणं, काकूंनी गुरूंसमोर बसून महिनोन् महिने घोटलेलं. मी म्हटलं, आधी ऐका तरी. ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. "छान लागलाय गं." मग डोळे उघडले, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "पण दिसतंय तर वाकडंच."

गांधार तसाच ठेवला. ते वाक्य मात्र मनातून जाईना.

काकूंना हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण दिवसभर मीही तेच करते. गाणं सुरू व्हायच्या आधी लहरींच्या जाडीवरून सांगते की दुसरा अंतरा जोरात गायला गेलाय. तबल्याचा ठोका ग्रिडच्या रेषेच्या किंचित मागे दिसला की कानाला काही खटकायच्या आधी हात माऊसकडे जातो. आणि मुळात सरळ म्हणजे काय, हे ठरवलं कुणी? पिच-एडिटरच्या डाव्या कडेला पियानोच्या पट्ट्या उभ्या काढलेल्या असतात, सप्तकाला बारा ओळी. ओळीच्या मधोमध बसला तो सूर शहाणा. म्युनिकच्या सेलेमनी कंपनीचं मेलोडाइन २००१ साली आलं आणि आवाज असा गोळ्यांत धरून वर-खाली सरकवता येऊ लागला. २००९ मध्ये क्युबेस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामने तशीच सोय व्हेरिऑडिओ नावाने आणली, २०१३ मध्ये लॉजिक या दुसऱ्या प्रोग्रामने फ्लेक्स पिच नावाने. पूर्वी जे वेगळं विकत घ्यावं लागे ते प्रोग्रामच्या पोटातच आलं. मेलोडाइनमध्ये गोळ्यावर दोनदा टिचकी मारली की तो जवळच्या ओळीवर जाऊन बसतो. दोन टिचक्यांचं अंतर आहे दरबारीच्या गांधारात आणि पियानोच्या गांधारात. ज्याने हे घडवलं त्याचं दरबारीशी वैर नव्हतं. त्याच्यासमोर पियानो होता, एवढंच. पण सरळ करणं जिथे दोन टिचक्यांचं काम आणि आंदोलन राखणं म्हणजे हात आवरणं, तिथे हजारातले नऊशे लोक काय करतील ते सांगायला नको.

तसं हे भांडण सॉफ्टवेअरइतकं नवंही नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केलं, ते तीसेक वर्षं उघडलं नाही. आरोप हाच होता, की पेटीच्या बारा ठरीव स्वरांत आपल्या गाण्याच्या श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा, आणि मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं, मावत नाहीत. आणि तरीही आज कुठल्याही मराठी गायिकेला पट्टी विचारा, ती "काळी चार" किंवा "पांढरी पाच" असंच सांगेल. पेटीची रचना आपल्या तोंडात जाऊन बसली आहे. पेटीवाद्यांनी गायकांसोबत राहून पेटी नमवली, गायकांनी तिचं ऐकायचं किती आणि सोडायचं किती ते ठरवलं. त्याला पिढ्या लागल्या. पिच-एडिटरला एवढा वेळ मिळत नाही. काही वर्षांतच त्याची पुढची आवृत्ती येते.

मी शिकाऊ होते त्या स्टुडिओच्या कोपऱ्यात एक अटारी एसटी पडलेला असायचा. तोवर त्याचं काम संपलं होतं, पण सिनियर मंडळी त्याच्याबद्दल घरच्या निवृत्त आजोबांसारखं बोलत. १९८५ चं ते यंत्र, अंगातच मिडीची, म्हणजे कीबोर्डसारखी वाद्यं जोडायची, दोन भोकं असलेलं, पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं, ६४० बाय ४०० ठिपके. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने १९८९ मध्ये त्याच्यावर क्युबेस आणलं. ट्रॅक एकाखाली एक रचलेले, वेळ डावीकडून उजवीकडे वाहतो, आणि एक उभी रेघ गाणं कापत पुढे सरकते. आज हे इतकं उघड वाटतं की ते कुणी कधी ठरवलं असेल असं मनातही येत नाही. त्याआधीचे सिक्वेन्सर, म्हणजे स्वर नोंदवून वाजवणारे प्रोग्राम आणि यंत्रं, आकड्यांच्या याद्यांचे होते, किंवा पॅटर्नना नंबर देऊन त्यांची ओळ लावायचे. क्युबेसचं ते पान सगळ्यांनी उचललं. माझ्या सिनियरांच्या हाताला ते एकदा बसल्यावर त्यांनी गाण्याचा विचारच तसा सुरू केला. म्युझिक पीस "इथून इथपर्यंत" असं ते हवेत हातांनी लांबी दाखवून सांगत. म्युझिक पीसला लांबी असते, हे मी तिथेच शिकले.

आपल्याकडे मात्र ताल गोल फिरतो. समेवर परत येतो. बर्लिनचा एबलटन लाइव्ह हा प्रोग्राम २००१ मध्ये आला तेव्हा त्यातल्या सेशन व्ह्यूने मला पहिल्यांदा असं वाटायला लावलं की पडद्यावर आवर्तन मांडता येऊ शकतं. चौकोन दाबला की तेवढाच तुकडा फिरत राहतो, दुसरा दाबला तर तो लगेच न घुसता पहिल्याच्या समेची वाट बघून लागतो. ज्यांनी ते घडवलं ते स्वतः टेक्नो वाजवणारे होते, समेबिमेशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तरी ढोलकीवाल्याला मी ते दाखवलं तेव्हा त्याला पाच मिनिटांत कळलं. क्युबेस समजायला त्याला वर्षं लागली होती आणि अजून तो मिक्सरची खिडकी उघडून "ती दुसरी कुठे गेली?" असं विचारतो.

उलट रूपक तालाचं घ्या. सात मात्रा. नवा प्रोजेक्ट उघडला की बहुतेक प्रोग्राम १२० ची लय आणि चार-चारचा ठेका गृहीत धरूनच उघडतात, ते बदलून सात केलं. मात्रा मोजून देणारा क्लिक सुरू केला. आता पहिल्या मात्रेवर मोठा टिंग, बाकी सहांवर लहान. पण रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे बिनवजनाच्या मात्रेवर आहे! तिथे बाया, म्हणजे तबल्याचा डावा डग्गा, मिटलेला असतो, तिथेच तर तो ताल पोकळी ठेवून उभा राहतो. सॉफ्टवेअर नेमकं तिथे ओरडतं. नवखा गायक त्या टिंगवर झडप घालून गातो आणि अख्ख्या गाण्याचं वजन बदलतं. रीपर नावाच्या प्रोग्राममध्ये कुठल्या मात्रेवर कुठला ठोका हे आपल्याला ठरवता येतं, म्हणून तालाची कामं मी हळूहळू तिकडे हलवली. ही सोय जाहिरातीत कुठे नव्हती. सेटिंगच्या एका बारक्या खान्यात सापडली.

अपग्रेड म्हटलं की लोक विचारतात, नवीन काय आलं? माझा पहिला प्रश्न असतो, काय हललं?

काय हललं याला महत्त्व यासाठी, की काम चालू असताना मी बटणं शोधत नाही. बोटं जातात. प्रो टूल्सवाल्यांना विचारा. १९९१ पासूनचा प्रोग्राम, आणि आजही त्यात मुख्य खिडक्या दोनच, एडिट आणि मिक्स. कमांड आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की एकीतून दुसरीत. त्यावर म्हातारं, कंटाळवाणं, महाग अशी सगळी टीका मी ऐकली आहे, थोडी स्वतःही केली आहे. पण मुंबईच्या एका स्टुडिओतला माणूस दुसऱ्या स्टुडिओत जाऊन आल्या आल्या कामाला लागू शकतो, तो त्या दोन खिडक्या जागच्या न हलल्यामुळे. याउलट २००२ साल आठवा. स्टाइनबर्गने क्युबेस एसएक्स काढलं, आतलं सगळं त्यांच्याच न्युएन्डो या दुसऱ्या प्रोग्रामच्या पायावर नव्याने बांधून. त्याच वर्षी ॲपलने लॉजिक बनवणारी एमॅजिक कंपनी विकत घेऊन विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. एका वर्षात दोन पिढीजात हत्यारं लोकांच्या हातात बदलली. एसएक्स चांगलं होतं, आजच्या क्युबेसचा वंश तिथूनच सुरू होतो. पण अटारीच्या काळापासून ज्यांनी गाणी साठवली होती त्यांच्या जुन्या फायली एसएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंतच उघडत राहिल्या, २००६ च्या क्युबेस ४ ने त्या ओळखणं सोडलं. म्हणून काही जुन्या लोकांकडे अजून एखादं मशीन निव्वळ किल्लीसारखं राखलेलं दिसतं, आत जुना प्रोग्राम, बाहेर चिकटपट्टीवर "हात लावू नये".

मी त्यातून एक सवय लावून घेतली. काम हातावेगळं झालं की प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल करून ठेवायचा. कंटाळवाणं आहे, जागा खातं. पण उद्या कुठल्याही प्रोग्रामचा चेहरा बदलला तरी त्या फायली कशातही ओढून टाकता येतात, आणि सगळ्या एकाच जागी सुरू होतात.

काही अपग्रेड मात्र असे असतात की त्यांनी काय नेलं ते पुष्कळ उशिरा लक्षात येतं. २०१३ चं प्रो टूल्स ११ हे नाव काढलं की जुने इंजिनियर ६४-बिटबद्दल बोलतील, जुने प्लगइन, म्हणजे आत जोडायचे छोटे प्रोग्राम, बाद झाल्याबद्दल बोलतील. मला आठवतो बाउन्स. तोवर प्रो टूल्समध्ये मिक्स बाहेर काढायचं म्हणजे गाणं जितक्या मिनिटांचं तितकी मिनिटं ते वाजू द्यावं लागे. इतर प्रोग्राम हे काम केव्हाचे झरझर करत होते, आणि आम्ही हेव्याने बघत होतो. बाउन्सला लावलं की कुणीतरी चहा सांगायचं. निर्माता मोबाइल खाली ठेवायचा. कुणीही काहीही दाबायचं नाही, नाहीतर पहिल्यापासून. त्या पाच मिनिटांत सगळ्यांना गाणं ऐकावंच लागे, काहीही दुरुस्त न करता, आणि त्यातच कुणीतरी म्हणायचं, "थांब, बासरी जरा पुढे आली आहे का?" ११ ने ते काही सेकंदांवर आणलं. मी त्या दिवशी खूश होते, आजही परत जाणार नाही. पण ते सक्तीचं ऐकणं परत कुणी लावून देत नाही. स्वतःहून पाच मिनिटं हात बांधून बसायचं ठरवलं तरी कोपऱ्यात काहीतरी लुकलुकतं आणि हात जातो.

नवीन आवृत्ती विकायची तर ती वेगळी दिसायला हवी, ही यातली खरी मेख. आवाज सुधारला हे फोटोत दाखवता येत नाही. गडद राखाडी पार्श्वभूमी, सपाट बटणं, नवा रंग हे दाखवता येतं. ज्यांचा धंदा दरवर्षीच्या आवृत्तीवर चालत नाही त्यांचे चेहरे थोडे निवांत असतात, असं माझं निरीक्षण. बेल्जियमच्या एफएल स्टुडिओने पहिल्यापासून एकदा घेतलं की पुढचं सगळं फुकट असा वायदा केला आणि पाळला. लॉजिकनेही २०१३ पासून मॅकवर पुढच्या आवृत्त्यांचे पैसे घेतले नाहीत. विनॲम्पवाल्या जस्टिन फ्रॅंकेलचं रीपर वैयक्तिक वापरासाठी साठ डॉलरला मिळतं आणि त्यात दोन मोठ्या आवृत्त्या येतात. त्याचा चेहरा कुणालाच आवडत नाही, म्हणून जो तो आपल्याला हवा तो लावून घेतो. तरी चेहरा बदलणं निव्वळ थिल्लरपणा असतो असं म्हणायला मी तयार नाही. मला चाळिशी लागली तेव्हा कळलं की राखाडीवर राखाडी अक्षरं वाचणं हे तरुणांचं काम आहे. एफएल स्टुडिओने बाराव्या आवृत्तीत, २०१५ ला, सगळं वेक्टरमध्ये नेऊन हवं तेवढं मोठं करता येईल असं केलं, तेव्हा गावोगावच्या डीजेंनी "जुनंच बरं होतं" म्हणून आरडाओरडा केला, आणि मी मनात कोपरापासून हात जोडले.

नॉबचं वेगळंच. जुन्या कॉम्प्रेसरची, म्हणजे आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या यंत्राची, नक्कल करणारे प्लगइन बघा. स्क्रू, ओरखडे, हलणारा काटा, कुठे कुठे गंजसुद्धा रंगवलेला. गोल नॉब, पण माऊस गोल फिरवायचा नाही, सरळ वर-खाली ओढायचा. नेमका आकडा किती ते दिसत नाही, कारण मूळ यंत्रावर दिसत नव्हता. मला ते आवडतं, हेही खरं. तो काटा डुलायला लागला की आवाज उबदार झाल्यासारखा वाटतो. एकदा प्लगइन बंद ठेवून काटा हलता ठेवला असता तरी मला उबदारच वाटलं असतं, अशी शंका आहे.

मिरजेचा माझा एक मित्र आहे. पेटी वाजवतो, आणि घरच्या खोलीत भजनी मंडळांची रेकॉर्डिंग करतो. जन्मापासून त्याला दिसत नाही. त्याच्याशी सॉफ्टवेअरबद्दल बोललं की माझे निम्मे मुद्दे गळून पडतात. त्याच्या लेखी पडदा नाहीच. त्याच्यासाठी इंटरफेस म्हणजे स्क्रीन रीडर काय वाचतो ते, आणि तो इतक्या वेगाने वाचायला लावतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही. पूर्वी केकवॉक कंपनीच्या सोनार या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये जॉज या स्क्रीन रीडरसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टच्या जोरावर जगभरचे अंध वादक काम करत. २०१० च्या अखेरीस सोनार एक्स-वन आलं, अख्खा चेहरा नवा, समीक्षकांनी कौतुक केलेला. त्या स्क्रिप्टना त्यात धरायला काही उरलं नाही. कित्येक जण मागच्या ८.५ वरच वर्षानुवर्षं राहिले. एका बाजूला पडदा देखणा झाला आणि दुसऱ्या बाजूला भिंत झाली, एकाच दिवशी.

आता तो रीपरवर आहे. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर ज्या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केला, त्यांतल्या जेम्स टेहने रीपरसाठी ओसारा नावाची जोड लिहिली आहे. ट्रॅकवर गेलं की नाव बोलतो, आवाज कमी-जास्त करणारा फेडर हलवला की डेसिबल बोलतो. रीपरमधल्या प्रत्येक कृतीला नाव आहे आणि कुठलीही कृती कुठल्याही कळीला बांधता येते, हे मला अवघड जंगल वाटायचं. त्याच्यासाठी तो मोकळा रस्ता निघाला. आणि ते गंज रंगवलेले प्लगइन? स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते एक मुकं चित्र असतं. रीपरमध्ये यूआय असं लिहिलेलं एक बटण आहे, ते दाबलं की चित्र जाऊन साध्या पट्ट्यांची यादी येते, नाव आणि आकडा. मी ते बटण आजवर कुरूप म्हणून टाळत आले होते. त्याच्याकडे बसून एक आख्खा मिक्स मी तसाच ऐकला. काटा डुलत नव्हता. कॉम्प्रेसर मी नेहमी लावते त्याच्या निम्मा पुरला. २०२४ च्या लाइव्ह १२ मध्येही स्क्रीन रीडरची सोय आली, जाहिरातीत ती पुष्कळ खाली होती. त्याने मात्र तीच आधी वाचली.

काकूंच्या गांधाराची गोष्ट मी त्याला फोनवर सांगितली. मला वाटलं होतं, हसेल. त्याने विचारलं, "रेघ वाकडी म्हणजे किती? गुरूंचं आंदोलन जुन्या कॅसेटवर असेल ना, त्याचीही रेघ काढून शेजारी ठेव. मग त्या म्हणतील, माझी कमी वाकडी आहे." आणि खरंच तसं करायला काय हरकत आहे, मला कळेना. ते चित्र सरळपणा मोजायलाच आहे असं मी धरून चालले होते. आंदोलन कुठल्या गतीने होतं, खाली किती उतरतं, वर किती चढतं, हे त्याच रेघेत लिहिलेलं आहे, शिकणाऱ्या पोरींना दाखवण्यासारखं. फक्त त्यासाठी त्या बारा ओळी फिक्या करायची सोय हवी, आणि दोन टिचक्यांची ती दुरुस्ती थोडी लांब ठेवलेली हवी. कुणी अशी आवृत्ती काढली तर तिच्यासाठी मी पैसे मोजेन, आतापर्यंतच्या सगळ्या नव्या रंगांपेक्षा जास्त.

सध्या माझ्या मशीनवर एक मोठं अपडेट थांबून आहे, रोज सकाळी कोपऱ्यात आठवण करतं. दिवाळी पहाटचे कार्यक्रम डोक्यावर आहेत, तीन गायिकांचे ट्रॅक अर्धवट. तोवर हात लावणार नाही. मिरजेचा मित्र म्हणाला, घाई करू नकोस, मी आधी लावून बघतो. बटणांची नावं शाबूत असली तर कळवतो.